मार्थाआक्का आणि नीरेतली बुडी

मला नदीत बुडवणाऱ्या मार्थाआक्का आज सकाळी गेल्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई. मी सांगतीय, नात प्रीती टाईप करतीय. चूक दिसली तर तिची.

लहानपणी इंदापूरला धाकटी बहीण माझ्या देखत विहिरीत गेली. वर आली न्हाय.
तवापासनं मी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले न्हाय.

आणि आमच्या चर्चच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हंजे नदीत पुरती बुडी. त्याबिगर प्रभुभोजन न्हाय, म्हंजे येशूच्या आठवणीची रविवारची भाकर न्हाय. भाकरीचं ताट माझ्यापुढनं सरकायचं, आक्कांकडं जायचं.

दरसाली मी कारण काढायची. सर्दी. बीपी. सुनेचं बाळंतपण. सुनेची पोरं कॉलेजात गेली, तरी बाळंतपण.

मग आक्कांचं डायलिसिस सुरू झालं. बारामतीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाल्या,
"रूथे, एकदा तरी माझ्या शेजारी बसून ती भाकर खा. मी काय लई थांबत न्हाय."
"आक्का, धमकी देताय व्हय?"
"व्हय."

मग बाप्तिस्म्याला सांगवीजवळ नीरा नदीत उतरले. पाणी कमरेला. पायाखाली गाळ सरकतोय. बहीण दिसाया लागली.

म्हणलं, येशूबाबा, भ्या काय जात न्हाय. तू तरी जाऊ नको.

पाळकसाहेबांनी पाठीखाली हात घालून मागं झुकवलं. मी लाकडागत ताठ. लुगड्यात हवा भरली, अन् मी तरंगले.

पाळकसाहेब दयाळू माणूस. "झालं मावशी. प्रभू मन बघतो."

काठावर खुर्चीत आक्का.
"न्हाय झालं. नाक कोरडं हाय तिचं."

कुणी हसलं न्हाय. काठ हाताशी होता. मला निघता आलं असतं, कुणी बोललं नसतं.

मी लुगड्यातली हवा दाबून काढली.
"पाळकसाहेब, पुन्यांदा."

ह्या वेळी अंग सोडलं.

कानात पाणी. अंधार. भीती तशीच.
पण पाठीखालचा हात हलला न्हाय.

वर आले तवा तोंडातनं प्रार्थना निघत होती का शिव्या, ते आजूनबी ठाऊक न्हाय.

रविवारी आक्कांनी ताट आधी माझ्याकडं केलं. म्हणाल्या, "घे. ह्या भाकरीपायी वाट बघून म्हातारी केलीस मला."

आज दुपारी दफन हाय. पेटी खाली सोडताना बघायचं भ्या वाटतंय, आक्का.

तरी मी खड्ड्याजवळच उभी राहणार. पहिली मूठ माती माझी.

जावा आता प्रभूकडं.
धाकट्या जावेचा सलाम.