क्लेटनमधले परीक्षक

माझ्या सासऱ्यांइतका दयाळू परीक्षक अख्ख्या युरोपला मिळाला नसता, आणि युरोपला त्यांचा पत्ताही नाही. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे परदेशात, क्लेटनला आले आणि कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. सासूबाई पुण्यात एकट्या, हे इथे. वर्ष उलटलं तरी विमानात जागा मिळेना. रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "एजंटाचं काही कळलं का गं?" त्यात टीव्हीवर युरोपातली गाण्यांची स्पर्धा सापडली आणि आमच्या घराचं परीक्षा केंद्र झालं.

खरा कार्यक्रम इथल्या वेळेने पहाटे लागायचा. पण उपाशीपोटी न्याय करू नये, असं बाबांचं मत. म्हणून आंघोळ, पूजा, वरणभात उरकून रविवारी दुपारी, इथल्या भाषेत संडे आर्वोला, रेकॉर्डिंग बघायचं. तोवर निकाल फुटू नये म्हणून सगळ्यांचे फोन सकाळीच बंद करून पोळ्यांच्या डब्यात. गाण्याला मार्क वेगळे, कपड्यांना वेगळे, आणि शेवटी वाकून नमस्कार केला नाही की एक कापलाच. पण नापास कोणालाच करायचे नाहीत. एखादा धुरात खोकत बेसूर झाला की म्हणायचे, "पोरगं घाबरलंय गं, ग्रेस देऊ." या स्पर्धेत बारानंतर एकदम दहाच गुण देतात, हे त्यांना मुळीच पटेना. "मधले अकरा कोणी खाल्ले?" माझी लेक म्हणाली, "आजोबा, देअर इज नो इलेव्हन." त्यांनी शांतपणे फिनलंडला अकरा दिले.

निकालात बाबांचा पहिला नंबर तळाला गेला. "तिकडे पेपर नीट तपासत नाहीत," म्हणत ते उठले आणि मी डबा उघडला. फोन सुरू केला तर एजंटाचे मेसेजवर मेसेज. मुंबईच्या विमानात एक जागा सुटली होती, दुपारच्या आत कळवायचं होतं. आता ती दुसऱ्या कोणाला गेली होती.

बाबा मटकन खुर्चीत बसले. "माझ्याच हाताने घालवली गं," म्हणाले. "ती तिकडे वाट बघतेय."

मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जागा काय, परत मिळेल. अहो, पहिलं कोण आलं ते तरी सांगा." आणि बाबांनी जिंकलेलं गाणं, एकही शब्द कळलेला नसताना, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या. मीही.

पुढच्या महिन्यात दुसरी जागा मिळाली. विमानतळावर आम्हाला आत सोडलं नाही. बाबा मागे वळूनसुद्धा न बघता लगबगीने आत गेले, आणि मला खरंच फार बरं वाटलं. पुढच्या वर्षी स्पर्धा लागली तेव्हा मात्र थोडी गाणी ऐकून मी टीव्ही बंद केला. गात होते सगळे छान, पण त्यांची बाजू घेणारं घरात कोणी नव्हतं.