एस्टीत न चढणारा माणूस

सांडोरच्या एस्टी थांब्यावर तो रोज सकाळी बसायचा, पण एस्टीत कधी चढायचा नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर मिटलेली छत्री. येणाऱ्याजाणाऱ्या तरुण पोरांना विचारायचा, "कुठलं काम करताना तू जेवायचं विसरतोस?"

"आखातात माणसं पाठवणारा एजंट असणार," बाबा म्हणाले. "त्याला नावसुद्धा सांगू नकोस."

मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जायचे. एकदा कोणाच्या टोपल्या आधी चढवायच्या यावरून भाजीवाल्या बायका हमरीतुमरीवर आल्या. मी मध्ये पडले, आणि गाडी येईपर्यंत त्या हसायलाही लागल्या.

छत्रीवर बोटं वाजवत तो म्हणाला, "बाय, टायपिंग तुझं काम नव्हे. चिडलेली, घाबरलेली माणसं तुझं ऐकतात. ती जिथं असतात तिथं नोकरी धर."

मी लांब जाऊन उभी राहिले.

पुढे नर्सिंगला गेले, मेट्रन झाले. हा आता काहीतरी मागायला येणार, असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. तो आला नाही.

परवा वॉर्डातल्या एका तरुण आयाला म्हटलं, "तुझा हात हलका आहे. नर्सिंग शिक."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "यात तुमचा काय फायदा, मेट्रन?"

मी त्याला हे तेव्हाच विचारलं असतं, तर आज मला उत्तर तरी देता आलं असतं.