पॅरिसच्या टोपीवरचे पंख

नोकरीत असताना मी शेकडो फिर्यादी नोंदवल्या. बहुतेक विसरलो. एक मात्र काही केल्या मनातून जात नाही, कारण त्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली होती आणि मी ती मान वर करून घेतली होती.

पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. संस्थानातले एक बडे मानकरी पत्नीला घेऊन विलायतेची सफर करून आले होते. त्यांच्या पेट्या बैलगाड्यांतून घाट चढून आल्या तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं. पुढे महिनाभर तरी जव्हारात दुसरा विषय नव्हता. चैत्र संपत आला असताना मला त्यांच्या वाड्यावरून बोलावणं आलं. बाईसाहेबांच्या टोपीवरचे पंख चोरीला गेले होते.

मी हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. पंचनाम्यासाठी कपाटातल्या एकेका वस्तूची नोंद करायची होती, आणि निम्म्या वस्तूंची नावं आम्हा चौघांपैकी कुणालाच येत नव्हती. कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे होते. त्यांच्या गुंड्या लावायचा एक चांदीचा आकडा होता. तो पाहून हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, कुलूप उघडायचं हत्यार दिसतंय." बाईसाहेबांना ते ऐकू गेलं आणि इतक्या दुःखातही त्यांना हसू फुटलं. शेवटी गोल पेटीतली ती मडमेची टोपी समोर आली. बारीक विणीची, रुंद काठाची, एका बाजूला उसवलेले काळे रेशमी धागे लोंबत होते. पंख तिथेच शिवलेले होते.

एका टोपीसाठी एवढा आकांत कशाला, हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. बाईसाहेब म्हणाल्या, "फौजदार, लंडनला मी काहीच घेतलं नाही. दुकानदार यांच्याशीच बोलायचा, हेच ठरवायचे. व्हिएन्नाची ही चामड्याची पिशवी, तीही यांच्या पसंतीची. पॅरिसला यांना ताप आला, म्हणून मी दुभाषी बाईबरोबर एकटी बाजारात गेले. सात टोप्या घालून पाहिल्या, ही आठवी. जन्मात पहिल्यांदा मी एक वस्तू माझ्या मनानं घेतली."

"कधी घातलीत?" मी विचारलं.

"जव्हारात कुठं घालू? दुपारी दार लावते आणि आरशापुढे घालते."

मग त्यांनी पंखांचं वर्णन केलं. गडद निळा आणि आभाळी निळा, असे दोन पट्टे. दुकानातल्या बाईनं त्यांना सांगितलं होतं की हा रंग पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे मिळणार नाही. मी ते वाक्य जबानीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. खिडकीबाहेर पळस होता. त्यावर त्या क्षणी एखादा निळ्या पंखांचा चास पक्षी बसलेला असेलही. मी मान वर करून पाहिलं नाही.

तीन दिवसांत खबर आली. साखरशेतच्या एका माणसाच्या घरात फडक्यात बांधलेले निळे पंख आढ्याला खोवलेले आहेत, असं आमच्या खबऱ्यानं सांगितलं. चौकशी केली तर हाच माणूस आठवडाभरापूर्वी वाड्यावर कौलं चाळायला आला होता. तीन दिवस छपरावर होता. आणखी काय हवं होतं? झडती घेतली, पंख मिळाले. वर्णन तंतोतंत जुळलं. बाजाराचा दिवस होता. कमरेला दोर बांधून त्याला भर बाजारातून चालवत आणायचा हुकूम मीच दिला. चार गावांची माणसं पाहतात, जरब बसते, असा तेव्हा माझा समज होता.

तो चाळिशीचा, काटक, नाचणी-भात पिकवून राहणारा शेतकरी. ठाण्यात समोर बसवून मी पंख पुढे ठेवले.

"हे कुठले?"

"रानातले, साहेब."

"कुठल्या रानातले?"

"आपल्याच. चासाचे पंख हात ते. झाडाचे चिकावर धरला मी. पोराचा लगीन हाय, पागोट्याला खोवाया. आमचे घरात तशी रीत हाय."

मी हसलो. "पॅरिसचा माल तुझ्या रानात उगवतो काय रे?"

"त्ये कठं हाय, माना ठावं नाय. चास ठावा हाय."

मला ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

दोन दिवस कोठडीत काढल्यावर त्यानं हात जोडले. "साहेब, पाच दिसांनी लगीन हाय. पोशेऱ्या गावाची पोर हाय, चांगले माणसांची. लग्नापुरता सोडा. मंग मी आपला आपुन येतो, काय ती शिक्षा द्या."

मी म्हणालो, "कबूल कर, लग्नाला सोडतो."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "बरां. मी घेतला."

"कुठून घेतलेस?"

"खुंटीवरनं."

"खुंटीवरून नाही. कपाटातून ना?"

"हां, कपाटातनं."

"कशातून?"

"टोपलीतनं."

"गोल पेटीतून, असं म्हण."

"गोल पेटीतनं."

ज्यानं ती टोपी जन्मात पाहिली नव्हती, त्याच्याकडून मी चोरी वदवून घेतली. घास भरवावा तसा एकेक शब्द त्याच्या तोंडात घातला. हवालदार जुना माणूस होता. तो लिहिता लिहिता थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. "लिहा," मी म्हणालो. त्यानं लिहिलं, खाली अंगठा घेतला.

कबुलीजबाब झाल्यावर आरोपीला लग्नाला सोडणं माझ्या हातात राहिलं नव्हतं, आणि हे मला आश्वासन देतानाच माहीत होतं. बाईसाहेबांनी पंख ओळखले, मुद्देमाल त्यांच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला, आणि वरून माझ्या नावे शाबासकीचा कागद आला. लग्नाच्या आदल्या दिवशी मी कोठडीवरून जात असताना तो गजाशी आला. "साहेब, आज हळद हाय. तुमी बोलला व्हता." मी नजर चुकवली आणि शिपायाला म्हणालो, "याला पाणी दे."

त्यानंतर आठवड्याभरात बाईसाहेबांनी पुन्हा बोलावलं. वाड्याच्या माळ्यावर मांजरीनं पिल्लं घातली होती. तिथे साफसफाई करताना मोलकरणीला कुरतडलेले दोन निळे पंख सापडले. त्यांच्या मुळाशी बारीक तार गुंडाळलेली होती आणि काळा रेशमी धागा अडकला होता. एखाद्या दुपारी पेटी उघडी राहिली असणार. मांजरीला टोपीवर पक्षी दिसला आणि तिनं तो पळवला. त्या सबंध तपासात पक्ष्याला पक्षी म्हणून ओळखणारे दोघेच निघाले, एक ती मांजर आणि दुसरा माझ्या कोठडीतला आरोपी.

बाईसाहेबांनी टोपी पुढे धरली. तिच्यावर जप्त केलेले पंख नव्यानं शिवलेले होते. "फौजदार," त्यांनी विचारलं, "मग माझ्या टोपीवर हे कुणाचे आहेत?"

त्याच संध्याकाळी मी आरोपीच्या सुटकेसाठी वर लिहिलं. पुढे मुंबईत एका व्यापाऱ्याकडून कळलं की आपल्याच डोंगरांतले चास मारून त्यांचे पंख बोटीनं विलायतेला जात. तिथे ते टोप्यांवर चढत आणि सोन्याच्या मोलानं विकले जात. बाईसाहेबांनी पॅरिसला जाऊन घराबाहेरच्या पळसावरचा पक्षी विकत आणला होता. त्यांना ते ठाऊक नसणं समजू शकतो. मी मात्र पंधरा वर्षं या रानात घोडं घेऊन हिंडत होतो.

सुटकेचा हुकूम दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कचेरीच्या मागच्या दारानं त्याला सोडलं. बाईसाहेबांनी पंख उसवून फडक्यात बांधून पाठवले होते, ते मी त्याच्या हातात दिले. त्यानं ते परत माझ्या टेबलावर ठेवले. "आता कशाला, साहेब? पोशेऱ्याचे बोलले, चोराचे घरात पोर द्यायची नाय."

मी वर्दी काढून पोशेऱ्याला गेलो. ते गाव हद्दीपलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, तिथे माझी फौजदारी चालत नव्हती. मुलीच्या बापानं पाणी दिलं, खाट टाकली, माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी म्हणता तो चोर नाय. मानला. पन धरला तवा बाजार भरला व्हता. सोडला तवा कोन बघाया व्हता?"

"मी येत्या बाजारी उभा राहून चार गावांना सांगतो," मी म्हणालो.

"आता नका सांगू, साहेब. पोर दुसरीकडं दिली. काल सुपारी फुटली."

तरीही मी बाजारात सांगायला हवं होतं. वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, "पोलिसानं आपली चूक चव्हाट्यावर मांडली तर उद्या तुम्हाला भिणार कोण?" मी "जी" म्हणालो. मला नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही.

त्यानंतर ज्याला गर्दीत धरलं आणि जो निर्दोष ठरला, त्याला मी गर्दीतच सोडू लागलो, मोठ्यानं नाव घेऊन. तपासात सापडलेली वस्तू किती जुळते यापेक्षा समोरचा माणूस पहिल्या दमात काय बोलला, हे आधी लिहून ठेवू लागलो. कबुलीच्या बदल्यात वचन तर पुन्हा कुणालाच दिलं नाही. या शहाणपणाची किंमत मात्र साखरशेतच्या त्या घरानं मोजली. मुलाला पुढे कुणी पोर दिली नाही. तो नाशिककडे निघून गेला, तो परत आला नाही.

बाप जव्हारच्या बाजारात दिसत राहिला. मी समोर आलो की डोक्यावरचं ओझं खाली ठेवायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "रामराम, साहेब." दर वेळी, अगदी मी निवृत्त होईपर्यंत. त्यानं एकदा तरी तोंड फिरवायला हवं होतं.