वेणीमाधवने भरलेली ओटी

मालतीबाईंच्या घरात गॅस वेणीमाधवरावांच्या नावावर, विजेचं बिल त्यांच्या नावावर, आणि दारावरची पाटी तर अजून त्यांच्या वडिलांच्या नावाची. त्यामुळे मोबाईलवरच्या त्या लढाईच्या खेळाने जेव्हा विचारलं, की तुमचं नाव काय आणि तुम्ही स्त्री की पुरुष, तेव्हा मालतीबाईंनी हाताच्या सवयीने नवऱ्याचं नाव आणि गाव लिहिलं आणि ‘पुरुष’वर बोट टेकवलं. लगेच पडद्यावर एक मिशीवाला, रुंद छातीचा गडी उभा राहिला. डोक्यावर लखलखीत अक्षरं: वेणीमाधव सोलापूर.

शेजारच्या श्रावणीने कपाळावर हात मारला. “काकू, काय केलंत हे? स्वतःचं नाव टाकायचं होतं की!”

“असू दे गं. नंतर बदलू.”

पण नंतर बदलता येत नव्हतं. मालतीबाईंना हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

‘सप्तदुर्ग’ नावाच्या या खेळात शिरायची हौस त्यांना नव्हती. त्या शिरल्या लेकीसाठी. भार्गवी कॉलेजात असल्यापासून हा खेळ खेळायची, आणि बरी नव्हे, फार चांगली खेळायची. हैदराबादला स्पर्धा होती, तिला बोलावणं आलं होतं. वेणीमाधवराव शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरातही त्यांचा शेरा शेवटचा असे. “मुलीच्या जातीनं तलवारी फिरवायला परगावी जायचं? काही नको.” भार्गवी पेपरला गेली असताना त्यांनी तिचा कॉम्प्युटर विकून टाकला. संध्याकाळी पोरगीने रिकामं टेबल बघितलं. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन पुण्याला गेली.

तिथेही तिला निवांत राहू दिलं नाही. तिची मैत्रीण म्हणून श्रावणीला दरडावून राव पत्ता घेऊन गेले आणि तिच्या खोलीच्या दारात उभं राहून सगळी गल्ली गोळा केली. मग तीही खोली सुटली, नंबर बंद झाला. सज्ञान मुलगी, स्वतःच्या पायाने गेलेली. तक्रार तरी कुणाकडे करायची? मालतीबाई फोडणी देता देता थांबत आणि मोहरी करपून जाई. रस्त्यावर पाठमोरी कुणी लांब वेणीची मुलगी दिसली की पिशवी सावरत तिच्या पुढे जाऊन तोंड बघून येत.

मग एका दुपारी श्रावणी धावत आली. “काकू, भार्गवी त्या खेळात अजून आहे! मी बघितलं. नाव भिंगरी. पत्ता दिल्यापासून माझे निरोप घेत नाही.”

भिंगरी! लहानपणी अंगणात गोल गोल फिरणाऱ्या लेकीला मालतीबाईच या नावाने हाक मारत. त्यांनी हातातलं लाटणं तसंच ठेवलं आणि आपला मोबाईल श्रावणीपुढे धरला. “घाल मला त्यात.”

अशा त्या वेणीमाधव झाल्या. राव दुपारी आडवे झाले की त्या मागच्या पायरीवर बसून रानडुकरं मारायला शिकू लागल्या. सुरुवातीला डुकरंच त्यांना मारत. चिकाटी मात्र त्यांच्यात कुरडया घालणाऱ्या बाईची होती. हळूहळू हात बसला आणि हातात विजेचा भाला आला. भाला फक्त पुरुषांसाठी होता. त्या खेळात तसंच होतं: भाला, गदा, लोखंडी चिलखत पुरुषांना, धनुष्य, चक्र, रुपेरी शेला बायकांना. एकाची वस्तू दुसऱ्याने अंगावर घालायची म्हटली की तांबडी अक्षरं उमटत.

तिथेच त्यांना मडिवाळप्पा भेटला. अक्कलकोटकडचा, पिठाची गिरणी चालवणारा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा खेळणारा. तो लिहायचा, “वेणीमाधवराव, तुमी लई भारी भाला मारता की! वहिनी रागवत न्हाईत का?”

“वहिनीच मारते,” मालतीबाईंनी लिहिलं.

“व्हय, आमच्यात बी तसंच हाय,” असं म्हणून तो हसण्याची चित्रं पाठवायचा. खूप दिवसांनी मालतीबाईंना त्या पायरीवर हसू आलं होतं.

आणि एकदा पुलावर भिंगरी दिसली. निळं धनुष्य, पाठीवर वेणी. मालतीबाईंनी घाईघाईने अक्षरं शोधली. त्यांनी लिहिलं, “भार्गवी, कशी आहेस?”

धनुष्यवाली वळली, समोरच्याच्या डोक्यावरचं नाव वाचलं आणि तशीच मागे पळाली. पुढच्या क्षणी पडद्यावर सूचना आली: भिंगरी यांनी गटाबाहेरच्या सर्वांचे निरोप बंद केले आहेत.

“मी आई आहे,” मालतीबाई लिहीत राहिल्या. “अगं, आई आहे मी.” प्रत्येक ओळ तांबडी होऊन परत येत होती. ज्या माणसाला टाळायला पोर घर सोडून गेली, त्याचंच नाव डोक्यावर घेऊन आपण तिच्यापुढे उभ्या राहिलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आतून रावांनी चहाला हाक मारली, तेव्हा कुठे उठल्या.

भिंगरीचा गट राहत होता चंद्रदुर्गावर. तिथे फक्त बायकांना प्रवेश, तोही रुपेरी शेला घेतला असेल तर. मालतीबाईंनी जिद्दीने शेला मिळवला. दरीतल्या राक्षसाशी मडिवाळप्पाच्या जोडीने लढून मिळवला. शेला खरोखर देखणा होता, काठाला चांदण्या. त्यांनी तो वेणीमाधवच्या खांद्यावर टाकायला बोट ओढलं. अक्षरं आली: हे वस्त्र स्त्री-पात्रांसाठी आहे.

“अरे, मी बाईच आहे की रे!” मालतीबाई मोबाईलवर ओरडल्या. अंगावर सुती साडी, हातात बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि तो गडी मख्ख उभा.

मडिवाळप्पाचं आपलं वेगळंच. “इकून टाका की त्यो शेला. बायकांचा माल, आपल्याला काय कामाचा?”

“माझी मुलगी आहे आत,” मालतीबाईंनी लिहून टाकलं. “घर सोडून गेलीय. मला भेटत नाही.”

पलीकडून आलं, “मी बी निरोप धाडून बघितो.” पण त्याचाही निरोप तांबडा होऊन परत आला.

श्रावणी म्हणाली, नव्याने सुरुवात करा, मालती म्हणून. त्यांनी केली. पण शेला घेण्याइतकं मोठं व्हायला महिने लागणार होते, आणि नव्या मालतीच्या हातात नुसतं लाकडी धनुष्य. पहिल्याच वळणावरची रानडुकरं तिला लोळवत. अशात बातमी आली, की खेळ काढणारे तो कायमचा बंद करणार आहेत. संक्रांतीच्या संध्याकाळी. मालतीबाईंनी श्रावणीला विचारलं, “मग भिंगरी कुठे जाईल?”

भिंगरी कुठेच जाणार नव्हती. ती असणारच नव्हती. लेकीचा एवढाच माग शिल्लक होता आणि तोही पुसला जाणार होता.

मालतीबाई मिळेल तेवढा वेळ गडाच्या दाराशी जाऊन बसू लागल्या. आतून बायका शिकारीला निघत, वेणीमाधव दिसला की भिंगरी मागे फिरे. एकदा तिने बाणही मारला. पडद्यावरच्या गड्याला लागला तो, पण मालतीबाईंनी पदर छातीशी घट्ट धरला.

संक्रांत उजाडली. राव सकाळी तिळगूळ खाऊन, टोपी घालून नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मित्रांबरोबर गेले. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. दुपारी शेजारच्या सिद्धेश्वरी वहिनी वाण घेऊन आल्या. हळदीकुंकू लावून मालतीबाईंच्या पदरात त्यांनी खण, नारळ, तांदूळ घातले. रीतीप्रमाणे मालतीबाईंनी ओटीतले चार दाणे उचलून वहिनींच्या तबकात परत टाकले. देणारीचं तबक रिकामं जाऊ द्यायचं नाही, म्हणून. वहिनी निघताना हळूच म्हणाल्या, “भार्गवीचं काही कळलं का हो?” मालतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

वहिनी गेल्या, आणि मालतीबाई पदरातल्या तांदळांकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. मग ओटी देवापुढे ठेवली आणि मोबाईल घेऊन पायरीवर बसल्या.

वेणीमाधवच्या झोळीत शेला होता. जखमेवर लावायची हळद होती. थकवा घालवायचा नारळ खेळातल्या बाजारात मिळे. घोड्याचं धान्यही मिळे; दोन्ही त्यांनी घेतलं. एवढं सगळं झोळीत मावत नव्हतं, म्हणून त्यांनी भाला काढून टाकला, चिलखतही टाकलं.

मडिवाळप्पा घाबरला. “ओ राव! हत्यार टाकून कुटं चालला? वाटंत लांडगे हायत!”

“गडाच्या दाराशी. येता का बरोबर?”

“येतो की. चला.”

त्याने लांडगे हाकलले. दाराशी पोहोचल्यावर मालतीबाईंनी एकेक वस्तू उंबऱ्यावर ठेवली: आधी शेला, त्यावर नारळ, भोवती धान्य, बाजूला हळद. खाली ठेवलेली वस्तू थोड्या वेळात विरून जाई. आपण उचलून पुन्हा ठेवली की टिके. मग वेणीमाधवला मागे नेऊन त्यांनी वाकायला लावलं. लेकीचं लग्न झालं आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. माहेराहून निघालेली लेक होती, एवढं पुरे होतं. आणि वेणीमाधवरावांना जन्मात ओटी भरता आली नसती. आधी काय ठेवायचं, नंतर काय, हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यांना ते येत नाही, हे भार्गवीला पक्कं ठाऊक होतं.

बायका येत-जात होत्या. एकीने नारळाला हात घातला, तेव्हा मडिवाळप्पा आडवा आला. “आवं ताई, त्ये तुमचं न्हाय.” पुन्हा सगळं विरायला आलं, पुन्हा मालतीबाईंनी उचलून ठेवलं. बाहेर ऊन उतरत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘खेळ लवकरच बंद होत आहे’ अशी अक्षरं लुकलुकू लागली. “ये गं,” मालतीबाई पुटपुटत होत्या. “ये गं, एकदाच ये.”

भिंगरी दारात आली. बाण लावलेला होता. वाकलेल्या निःशस्त्र गड्याकडे तिने बघितलं. मग उंबऱ्याकडे बघितलं. किती तरी वेळ ती हललीच नाही. मालतीबाईंना वाटलं, मोबाईलच अडकला.

मग धनुष्य खाली झालं. तिने शेला उचलला. नारळ, हळद, धान्य उचललं. आणि वळता वळता थांबून धान्यातलं थोडं वेणीमाधवच्या पायांशी परत ठेवलं.

मालतीबाईंनी ते उचलायला बोट नेलं, तेवढ्यात पडदा करडा झाला. मडिवाळप्पा काही लिहीत होता, ते अर्धंच राहिलं. सप्तदुर्ग संपला होता.

राव परतले तेव्हा घरात दिवा नव्हता. बायको पायरीवर, हातात मोबाईल, पदर ओला.

“काय झालं?”

“भार्गवीची ओटी भरली.”

त्यांनी टोपी काढायला नेलेला हात तसाच राहिला. त्यांच्यासमोर हे नाव कितीतरी दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. “कुठे? कुणी भरली?”

“तुमच्या हातून भरली,” मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. खेळातलं नाव, पुलावरून पळालेली पोर, बाणसुद्धा. सांगून झाल्यावर राव म्हणाले, “माझं नाव बघून पळाली?”

“हो.”

ते पायरीवर, जरा अंतर ठेवून, खाली बसले. “आता कुठे शोधायची?”

मालतीबाईंनी मोबाईलचा आवाज मोठा केला, तो चार्जिंगला लावला आणि दोघांच्या मधे ठेवला. आपला नंबर त्यांनी कधीच बदललेला नव्हता. तो भार्गवीला पाठ होता. दूर गड्ड्यावर पाळण्यांचे दिवे लागले. राव सारखे मोबाईलकडे बघत होते. तो वाजला नाही.