हेडबाईंनी विकायला काढलेली गाडी

हेडबाई गिऱ्हाइकाला कधी बसा म्हणत नसत. आदिलाबादच्या उन्हात हैदराबादहून पाच-सहा तास गाडी हाकत आलेला माणूसही अंगणात उभाच राहायचा. पाणी तेवढं मिळायचं. त्याचा पेला रिकामा झाला की बाई पहिलं वाक्य बोलायच्या, "हिच्यात काय काय खराब आहे ते आधी आयका. मंग हात लावा."

ही म्हणजे त्यांची इटालियन गाडी. दोन दारांची, लांब नाकाची, गडद निळी. लांबच्या प्रवासाला वेगानं आणि आरामात जाण्यासाठी बनवलेली. बाईंचे यजमान डॉक्टर होते. त्यांनी ती तरुणपणी मुंबईत एका परदेशी साहेबाकडून घेतली होती. डॉक्टर गेले, बाई मराठी शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झाल्या, गाडीनं पन्नाशी ओलांडली, तरी तिच्या चामड्याच्या सीटला एक भेग नव्हती.

मी सोलापूरकडचा. आठवीत शाळा सोडून ट्रकवर लागलो. सत्ताविसाव्या वर्षी मालकाशी वाजलं आणि त्यानं मला आदिलाबादच्या नाक्यावर उतरवून दिलं. तेलुगू येत नव्हतं, इथली मराठीसुद्धा कानाला परकी लागायची. बाईंना ड्रायव्हर हवा होता म्हणून कुणीतरी त्यांच्या दारात नेऊन उभं केलं.

"शाळा काऊन सोडली?"

"गणित जमेना, बाई."

"तू गणिताले सोडलं का गणितानं तुले?"

मी चपलेनं माती उकरू लागलो.

"मुका पण आहे," त्या म्हणाल्या आणि मागची खोली उघडून दिली.

त्या खोलीचे उपकार मी विसरणार नाही. पण चार वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द गोड बोलल्या असतील तर शपथ. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायम 'सोलापुरी'. दर रविवारी सकाळी मावला गावाच्या पुढे हायवेवर गाडी फिरवायची. बाई शेजारी बसायच्या, हातात काठी. इंजिनचं तेल गरम व्हायच्या आत मी जोर केला की काठी माझ्या गुडघ्यावर. "म्हातारी आहे ती. तुले झोपेतून उठवून पळवलं त चालन का?" एका दसऱ्याला मी भक्तिभावानं बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. बाईंनी ती पुसायला मला अख्खी दुपार लावली आणि वरून म्हणाल्या, "देवाले रंग देता येतो, हिचा गेलेला रंग मले परत आणता येत नाही."

मग त्यांचे गुडघे गेले. नागपूरची मुलगी न्यायला तयार होती, पण तिच्या इमारतीत ही गाडी ठेवायला जागा नव्हती. बाईंनी गाडी विकायला काढली. गाडी गेली की खोली गेली. आईला मी फोनवर सांगत आलो होतो की डॉक्टरांच्या घरी कायमची नोकरी आहे.

गिऱ्हाइकं आली आणि शिव्या खाऊन गेली. हैदराबादचा एक हॉटेलवाला म्हणाला, "मैडम, चलानेकू नहीं, गेट के सामने शो के वास्ते होना."

बाई म्हणाल्या, "शो के वास्ते खुद खड़े रहो. पेट्रोल भी नहीं लगेगा."

लग्नाला गाड्या भाड्यानं देणाऱ्यानं तर नुसतं विचारलं, फुलं चिकटपट्टीनं लावली तर चालतील का. बाईंनी काठी उचलली. तिसऱ्याला त्यांनी स्वतः गाडी सुरू करून दाखवली. इंजिन थंड असलं की ती दोनदा खोकायची, तिसऱ्यांदा धूर सोडून पेटायची. तो खो खो हसला आणि मोबाईलवर तिचं शूटिंग करत निघून गेला. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

ते मला लागलं. म्हणून पुढच्या रविवारी बेल्लमपल्लीचे साहेब येणार म्हटल्यावर मी शहाणपणा केला. साहेब कोळशाच्या खाणीतले निवृत्त इंजिनिअर, मूळचे आदिलाबादकडच्याच मुधोळचे, मराठी बोलणारे. ते यायच्या आधी, बाई पूजेला बसल्या असताना, मी गाडी अर्धा तास सुरू ठेवली. गरम इंजिन खोकत नाही.

साहेब पाणी प्यायले, मग त्यांनी दोषांची यादी ऐकून घेतली आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"बाई, हे तं गरम आहे. काय लपवून राह्यले तुमी?"

आज फिरवून आणली, एवढं बाई म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन रे, सोलापुरी?"

"लवकर सुरू व्हावी म्हणून, बाई..."

"आयकलं साहेब? माझ्या घरात लबाडी झाली. आज गाडी विकायची नाही. उद्या सकाळी या, थंड असताना सुरू करून दाखवते."

"एवढ्या लांबून आलो, आन् पुन्हा येऊ?"

"नका येऊ."

साहेबांनी फाटक आपटलं. बाई मला म्हणाल्या, "तूही उद्यापर्यंतच आहे इथं." मी खोलीत जाऊन पिशवी भरली.

सकाळी साहेब आले, तोंड कडू करून. बाईंनी मला पुढे केलं, "तू सांग आज." मी सांगितलं: तिसऱ्या झटक्याला पेटते, धूर सोडते, दुसरा गियर इंजिन थंड असताना खरखरतो, स्टेपनीखालचा गंजलेला पत्रा मी स्वतः जोडलाय. आणि काल गरम करून ठेवली ती मीच. मग किल्ली फिरवली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली. साहेब धुरात उभे राहून डोळे मिटून तिचा आवाज ऐकत राहिले. घासाघीस केली नाही.

निघताना त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. "हा माणूस कसा आहे, बाई? हिच्यासाठी मले कोणीतरी लागंलच."

"आठवी सोडलेला," बाई म्हणाल्या. "घाबरट. न इचारता शहाणपणा करते. आईले फोन लावला की डोये पुसत बसते. भाजीत मीठ जास्त टाकते."

"आन् चांगलं काही?"

"गाडीचं तरी कुठं सांगितलं मी?"

साहेब हसले आणि मला म्हणाले, "बस."

मी बेल्लमपल्लीला आलो, तो इथंच आहे. बाईंना फोन केला की त्या "गाडी धुतली का?" एवढंच विचारून ठेवून द्यायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा नागपूरहून फोन आला, बाई गेल्या. नागपूरला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलीनं मला आत नेऊन बसवलं.

"आई तुमच्यावर फार ओरडायची ना?"

मी मान डोलावली.

"इथं आल्यापासून ती कुणावर ओरडलीच नाही हो," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, बरं झालं, आई निवळली."

तिनं चहा पुढे केला. माझ्यानं तो घेववेना.