मामांची टोपी आणि मस्कतचा व्हिसा

लडाख झालं, केरळ झालं, आणि तरी कुणी विचारलं की "तुमचा सगळ्यात आवडता प्रवास कुठला?" तर मी सांगते, शिरूर ते दौंड. लोक हसतात. हसू देत! आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होते आणि सुट्टीला तळेगाव ढमढेऱ्याला मामांकडे आले होते.

मामा माळी. आमच्या भागात कुणाचं मोगऱ्याचं रोप रुसलं, की लोक मामांना बोलवायचे. पुण्यात ज्या इंजिनियरसाहेबांची बाग ते बघायचे, त्यांना मस्कतला नोकरी लागली आणि त्यांनी तिथून कळवलं, इथे बागा करायच्यात, या. मामांचं वय पंचेचाळीस. घरात खायला-प्यायला सगळं नीट. मी विचारलं, "मग कशाला जाताय हो?" तर म्हणाले, "सुमे, मातीत समदेच लावत्यात. म्या वाळूत बाग लावून दावतो." हे म्हणताना त्यांचे डोळे असे चमकले, की मला तर तेव्हाच वाटलं, हा माणूस जायलाच पाहिजे.

पासपोर्टचे, व्हिसाचे बाकी कागद मुंबईला एजंटाकडे गेले होते. फोटो मात्र परत आले. सोबत निरोप, की टोपीसकट चालत नाही, डोकं उघडं हवं. एजंटाचा माणूस शनिवारी सोलापूरकडून येणार, दौंडला उतरणार, तिथं नवे फोटो घेऊन संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जाणार. सोमवारी कागद पुढे सरकले नाहीत, तर ती जागा दुसऱ्या माळ्याला.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मामांची पांढरी टोपी झोपेतच काय ती उतरायची. चारचौघांत डोकं उघडं करायचं ते मयताला. आणि उघड्या डोक्याचा फोटो मामींना तर जिवंत माणसाचा वाटतच नव्हता. "आसला फोटू भिंतीवर टांगत्यात, हार घालून," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. मी इंग्रजी वाचता येतं म्हणून, आणि मामी "मला रेल्वेचं विंजिन बघायचंय" म्हणून. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एसटीनं शिरूर गाठलं. स्टँडवर गरम भजी खाल्ली, आठ-आठ आण्यांची, कागदाला तेल सुटलेली. आजही शिरूरला उतरलात तर स्टँडजवळची भजी सोडू नका.

शिरूरच्या स्टुडिओत मामांनी तोडगा काढला. टोपी मागे सरकवली, अगदी पडेल इतकी. "कपाळ दिसतंय, कान दिसत्यात, आजून काय पायजे?" फोटोवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. निघाला फोटो. घाईचे म्हणून जादा पैसे घेऊन त्यानं ओलसर प्रती हातात दिल्या.

तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी. रस्ता असा, की पोटातली भजी गळ्याशी यावीत. पण दोन्ही बाजूंना ऊस, आणि भीमा ओलांडताना गाडीत आलेला तो गार वारा! मामा खिडकीतून एकेक शेत वाचत होते. "हितं पानी जास्ती हुतंय... ही जमीन बघ, सोनं हाय." मामींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली. चौफुल्याजवळच्या केडगावला पॅसेंजर धरली आणि दुपारी दौंडला उतरलो. काय ते स्टेशन! वाफेची इंजिनं फुसफुसतायत, सगळीकडे कोळशाचा वास, चार प्रांतांच्या भाषा कानावर येतायत. मामी इंजिनापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

एजंटाचा माणूस चहाच्या टपरीवर भेटला. फोटो बघितले आणि परत माझ्या हातात ठेवले.

"मामा, ही काय थट्टा आहे? टोपी आहेच की."

"मागं हाय वो जरा."

"मागे नको, पुढे नको, नकोच! संध्याकाळी माझी गाडी आहे. तोवर द्या, नाहीतर मस्कत विसरा."

स्टेशनबाहेर एक स्टुडिओ होता. मामा स्टुलावर बसले. फोटोवाला काळ्या फडक्यात शिरला आणि आतून म्हणाला, "टोपी." मामांचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते उठलेच. "चल सुमे. आपुन आपल्या मातीतच बरं." आवाज असा, की मला रडू फुटलं. पहाटेपासूनची धडपड, आणि एवढ्याशा कापडापायी वाळूतली बाग बुडाली!

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अवो, खरं सांगा. जायचंय का न्हाई?"

मामा खाली बघत म्हणाले, "जायचंय गं."

"मग बसा."

मामी आत आल्या, कॅमेऱ्याच्या मागे अगदी चिकटून उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर काढून त्यांनी खांद्यावर टाकला. त्या बाईचं उघडं डोकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. केसांत चांदी होती, मध्ये सरळ भांग. परका पुरुष शेजारी, रस्त्यावरचं दार सताड उघडं.

"घ्या. आता दोघंबी उघडी. येकट्याला लाज वाटती, दोघांना कसली?"

मामा बघतच राहिले. मग हसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. फडक्यातून आवाज आला, "हां, असंच. हलू नका."

फोटो गेले. मामाही गेले. चार वर्षं राहिले, आणि आले ते वाळूतल्या बोगनवेलीचे, लिंबांचे फोटो घेऊन. मला मामांचं कौतुक आहेच. पण खरं सांगू? त्या दिवसापासून मी मामींना जरा वाकूनच नमस्कार करते.

परवा पुन्हा तळेगावला मामींकडे गेले, यवतवरून, गाडीनं. आता रस्ता लोण्यासारखा, चौफुल्याला चहा झकास मिळतो, भीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. मामा वारले होते, नव्वदीला टेकून. त्यांचा मुलगा भिंतीसाठी टोपीतला फोटो मोठा करून घेऊन आला होता. मामींनी तो बाजूला ठेवला, ट्रंक उघडली आणि लुगड्यांखालून दौंडची उरलेली प्रत काढली.

"आई, टोपीतलाच लावू की. रुबाबदार दिसतात."

"त्यात ते फोटूवाल्याकडं बघत्यात," मामी म्हणाल्या. "ह्यात माझ्याकडं."