एक पट्टी वर

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये तो माझ्या शेजारच्या लेथवर काम करतो. साधं बोलतानाही तो सवाल टाकतो. ‘‘चहा कडू का? साखर कोणी खाल्ली? बोला!’’ आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसतो.

जयंतीला तो गायन पार्टी घेऊन मुकाबल्याला बसतो. समोर नेहमी देवळाली कॅम्पचा एकच गायक. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच सुरात जवाब द्यायचा.

गेल्या मुकाबल्याआधी तो गायक स्टेजमागे आला. मी तिथंच होतो.

‘‘भाऊ, घसा लय धरलाय. आज जरा खालच्या पट्टीत गाऊ.’’

‘‘गाऊ की,’’ हा म्हणाला.

पण स्टेजवर बसताच यानं पेटीवाल्याला पट्टी वर घ्यायला लावली. जवाब देताना समोरच्याचा आवाज फाटला. लोक हसले. जिंकणाऱ्याची शाल याच्या खांद्यावर पडली.

पुढं त्या गायकाला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला.

परवा आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. त्यानं याचा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही. हा मान खाली घालून बसला.

बसस्टॉपवर मी म्हणालो, ‘‘निदान माफी मागायचीस.’’

‘‘त्याला बोलता येत नाही तेच बरंय,’’ तो म्हणाला. ‘‘नायतर त्यानं विचारलं असतं.’’

बस आली. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उभाच राहिलो.